ऑपरेशनआधीची गोळी: कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची

ऑपरेशनआधी रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस बंद ठेवायची, या प्रश्नाला कुणी एकच आकडा सांगून मोकळं होत असेल तर जरा सावध व्हावं. ‘पाच दिवस’ हा आकडा बऱ्याच जणांच्या तोंडी बसलेला आहे. तो वॉरफरीनला लागू आहे. अपिक्साबॅनसाठी तो गरजेच्या दुपटीहून जास्त आहे. एखादी दाढ काढायची असेल तर बहुतेक वेळा गोळी बंदच करावी लागत नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल असं आपलं आपण पाच दिवस बंद केलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: गोळी कोणती, ती कशासाठी चालू आहे, आणि शरीरावर नेमकं काय केलं जाणार आहे. चौथी गोष्ट मूत्रपिंडं, त्यांच्याकडे पुढे येऊच. इथले दिवसांचे आकडे डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत. ते वाचून परस्पर गोळी बंद करू नका.

यात दोन भीती एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात. गोळी चालू ठेवली तर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही, बंद केली तर गुठळी होण्याचा धोका. रक्तस्राव टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. गुठळीचं तसं नाही. ती घरी गेल्यावर, आठ-दहा दिवसांनी, पक्षाघात किंवा छातीतली कळ बनून समोर येते, आणि तोवर ऑपरेशन करणारा डॉक्टर पुढच्या रुग्णांकडे वळलेला असतो. म्हणून सर्जनला रक्तस्रावाची धास्ती जास्त आणि हृदयरोगतज्ज्ञाला गुठळीची. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि रुग्ण दोघांच्या मध्ये दोन वेगळ्या सूचना घेऊन उभा राहतो. त्यात भर म्हणजे ऑपरेशन ही शरीराच्या लेखी मोठी जखमच. जखम झाली की रक्त गोठवण्याची यंत्रणा जोरात कामाला लागते, शिवाय माणूस बिछान्यात पडून असल्याने पायांतलं रक्त संथ वाहतं. थोडक्यात, गुठळीपासून संरक्षण आपण नेमकं काढून घेतो ते गुठळीची शक्यता वाढलेली असताना. त्यामुळे मधला खंड गरजेपुरताच हवा, एक दिवसही जास्त नको.

गोळी कोणती आहे

ही औषधं दोन घराण्यांतली आहेत. पहिलं घराणं प्लेटलेट या रक्तपेशींना एकमेकींना चिकटू देत नाही: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर. हृदयविकाराचा झटका, स्टेंट, काही प्रकारचे पक्षाघात यांनंतर ती दिली जातात. अ‍ॅस्पिरिन रक्तातून काही तासांतच निघून जातं, पण जाण्याआधी प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते नव्याने बनवता येत नाही. ती जगते 7 ते 10 दिवस. जुन्या जाऊन पुरेशा नव्या येईपर्यंत परिणाम टिकतो. म्हणूनच या घराण्यात दिवस मोजतात ते औषध उतरण्याचे कमी आणि नव्या प्लेटलेट येण्याचे जास्त. थांबवायचंच ठरलं तर साधारणपणे क्लोपिडोग्रेल 5 दिवस, प्रासुग्रेल 7 दिवस, आणि प्लेटलेटला कायमचं न चिकटणारं टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस आधी थांबवतात.

दुसरं घराणं रक्तातल्या गोठण्याच्या प्रथिनांवर काम करतं. हृदयाचे ठोके अनियमित पडणं, कृत्रिम झडप, पायात किंवा फुफ्फुसात झालेली गुठळी, अशांसाठी ही औषधं असतात. यातलं जुनं औषध वॉरफरीन. यकृत व्हिटॅमिन के वापरून 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाची प्रथिनं तयार करतं. वॉरफरीन ती प्रक्रिया अडवतं. त्यामुळे गोळी बंद केली तरी दोन गोष्टी व्हाव्या लागतात: औषध उतरायला हवं आणि यकृताने नवी प्रथिनं बनवायला हवीत. पाच दिवस लागतात ते यासाठी. किती उतरलं ते आयएनआर या तपासणीत कळतं. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास, उपचार चालू असताना बहुतेकांचा 2 ते 3, आणि मोठ्या ऑपरेशनसाठी तो सहसा 1.5 च्या खाली लागतो. आदल्या दिवशी तपासून तो जास्तच निघाला तर थोडं व्हिटॅमिन के देऊन ऑपरेशन वाचवता येतं. ऐन ऑपरेशनच्या सकाळी कळलं तर तारीखच पुढे जाते, म्हणून तपासणी आदल्या दिवशी.

वॉरफरीनच्याच जातीचं अ‍ॅसिनोकुमारॉल शरीरातून बरंच लवकर उतरतं, त्याला साधारण 2 ते 3 दिवस पुरतात. दोन्ही औषधांचा परिणाम आयएनआरनेच मोजतात, त्यामुळे ‘सारखंच आहे’ असं समजून त्यालाही पाच दिवस लावले जातात. आपल्या पाकिटावर कोणतं नाव आहे ते बघावं.

आणि मग नवी औषधं: डाबिगाट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, एडॉक्साबॅन. घेतल्यापासून दोन-तीन तासांत यांचा पूर्ण परिणाम सुरू होतो आणि मूत्रपिंडं धड असतील तर एक-दोन दिवसांत ओसरतो. नेहमीचा आयएनआर यांच्या बाबतीत काहीच सांगत नाही. तो नॉर्मल आला म्हणून औषध उतरलं असं धरून चालता येत नाही. इथे घड्याळ आणि कॅलेंडर यांवरच भिस्त.

दिवस मोजायचे कसे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून उदाहरण घेऊ. ऑपरेशन शुक्रवारी आहे. माणूस सकाळ-संध्याकाळ अपिक्साबॅन घेतो आणि मूत्रपिंडं ठीक आहेत. रक्तस्रावाचा धोका कमी किंवा मध्यम असलेलं काम असेल तर गुरुवार पूर्ण कोरा, म्हणजे शेवटची गोळी बुधवारी रात्री. धोका जास्त असलेलं मोठं ऑपरेशन असेल तर बुधवार आणि गुरुवार दोन्ही कोरे, शेवटची गोळी मंगळवारी रात्री. शुक्रवारी सकाळी दोन्ही बाबतींत गोळी नाही. वॉरफरीनवर असता तर रविवार ते गुरुवार पाच दिवस कोरे आणि शेवटची गोळी शनिवारी.

‘दोन दिवस आधी बंद करा’ हे वाक्य मात्र दोन माणसं दोन तऱ्हांनी ऐकतात. बुधवारची घ्यायची की नाही? घ्यायची तर सकाळची की रात्रीची? फोनवर सूचना मिळाली तर ‘किती दिवस’ विचारण्याऐवजी ‘शेवटची गोळी कोणत्या तारखेला, सकाळी की रात्री’ असं विचारावं आणि लिहून घ्यावं.

आता मूत्रपिंडं. नव्या चार औषधांत डाबिगाट्रानचा सुमारे 80 टक्के भाग मूत्रपिंडांवाटे जातो. त्यांची गाळण्याची क्षमता मिनिटाला 50 मिलिलिटरच्या खाली आली असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी दोनऐवजी चार दिवस लागतात. इथे फसगत अशी होते की लॅबच्या कागदावर क्रिएटिनिनचा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वयस्क, किडकिडीत माणसाचे स्नायूच कमी, म्हणून मूत्रपिंडं मंदावलेली असली तरी आकडा फारसा चढत नाही. वय आणि वजन धरून काढलेली क्षमता विचारावी.

हे एक-दोन दिवसांचं गणित चालतं का, ते 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉज’ अभ्यासाने तपासलं. हृदयाचे ठोके अनियमित असलेले आणि अपिक्साबॅन, डाबिगाट्रान किंवा रिव्हारॉक्साबॅन घेणारे 3007 रुग्ण त्यात होते. सगळ्यांना ठरलेलं वेळापत्रक दिलं. मधल्या काळात हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) नाही, ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्यासाठी औषधाची पातळी मोजणं नाही. मोठा रक्तस्राव तिन्ही औषधांच्या गटांत 2 टक्क्यांच्या खाली राहिला आणि पक्षाघातासारख्या घटना 1 टक्क्याच्या खाली.

मधल्या काळातली इंजेक्शनं

वॉरफरीन बंद असलेल्या काळात पोटात हेपरिनची इंजेक्शनं घ्यायची, ही पद्धत अनेक वर्षं डोळे मिटून पाळली गेली. कल्पना पटण्यासारखी होती. गोळी दिवसांच्या हिशोबाने उतरते, इंजेक्शन तासांच्या, मग ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत संरक्षण का सोडायचं? 2015 मध्ये ‘ब्रिज’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफरीन घेणाऱ्या 1884 रुग्णांपैकी निम्म्यांना खरं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं. गुठळीच्या घटना इंजेक्शनवाल्यांत 0.3 टक्के, दुसऱ्या गटात 0.4 टक्के, म्हणजे फरक नाहीच. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत 3.2 टक्के आणि न घेणाऱ्यांत 1.3 टक्के. काळजीपोटी दिलेल्या औषधाने फायदा काही झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

म्हणजे इंजेक्शनं बाद झाली असं नाही. मिट्रल जागेवरची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, कृत्रिम झडप, जुन्या बनावटीची झडप, गेल्या तीन महिन्यांत झालेला पक्षाघात किंवा गुठळी, अशा जास्त धोक्याच्या रुग्णांमध्ये त्यांचा विचार अजूनही होतो. नव्या चार औषधांवर असलेल्यांना मात्र त्यांची गरज सहसा नसते, कारण ती औषधं स्वतःच तितक्या झटपट उतरतात आणि चढतात. एवढं असून कुणी रिव्हारॉक्साबॅन बंद करून आठवडाभर इंजेक्शनं लिहून दिली, तर कारण विचारायला संकोच वाटू देऊ नये.

काय केलं जाणार आहे

मोतीबिंदूचं ऑपरेशन, एक-दोन दात काढणं, त्वचेवरची छोटी गाठ काढणं, नुसती बघण्यापुरती एंडोस्कोपी, यांसाठी गोळी बहुधा चालूच ठेवतात. मोतीबिंदूत नेहमीचा छेद डोळ्याच्या पारदर्शक पटलात घेतात, तिथे रक्तवाहिन्याच नसतात. दात काढल्यावर रक्त येतं, पण ती जागा हाताशी असते. गॉज दाबून धरता येतो, टाका घालता येतो, रक्त थांबवायला मदत करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या चुळा भरता येतात. आयएनआर ठरल्या मर्यादेत आहे ना, एवढं आधी बघावं लागतं. नवी औषधं घेणाऱ्यांना कधी कधी फक्त त्या सकाळची गोळी उशिरा घ्यायला सांगतात. हिरडीतून थोडं रक्त झिरपणं आणि मेंदूत गुठळी अडकणं यांची तुलना होऊ शकत नाही, तरीही दाताच्या कामासाठी आठवडाभर गोळी बंद ठेवणारे लोक भेटतात. बरेचदा त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

पेसमेकरची गोष्ट तर अगदीच उलटी निघाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवताना एका गटाचं वॉरफरीन चालूच ठेवलं आणि दुसऱ्याचं बंद करून हेपरिन दिलं. यंत्रासाठी त्वचेखाली केलेल्या खिशात त्रासदायक रक्त साचण्याचं प्रमाण पहिल्या गटात 3.5 टक्के, दुसऱ्यात 16 टक्के.

कोलोनोस्कोपीत वेगळीच अडचण असते. आत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, आहे की नाही, असला तर केवढा, हे आधी माहीत नसतं. नुसतं बघायचं किंवा छोटा तुकडा तपासणीला घ्यायचा तर गोळी चालते, पण मोठा पॉलिप काढायचा असेल तर ती थांबवावी लागते. काढल्यानंतर रक्तस्राव लगेचच होतो असंही नाही, तो दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. शक्यता दोन्ही असतील तर ‘सापडला तर त्याच वेळी काढणार का’ हे आधी बोलून घ्यावं.

मेंदू, मणका, यकृत, मूत्रपिंड, कर्करोगाची मोठी ऑपरेशनं, सांधे बदलणं यांत प्रश्नच नाही, दुसऱ्या घराण्यातली गोळी थांबते. पण एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: ऑपरेशन मामुली असलं तरी भूल कशी देणार यावर हिशोब बदलतो. पाठीत सुई टोचून भूल देतात तेव्हा सुई बारीक असते, पण आजूबाजूला हाडांची बंद पोकळी असते. तिथे थोडं जरी रक्त साठलं तरी मज्जारज्जूवर दाब येतो आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालेलं नुकसान बहुतेकदा भरून येत नाही. म्हणून पाठीतल्या भुलेआधी नव्या औषधांच्या पूर्ण डोसनंतर साधारण 72 तास जाऊ देतात. नुसतं अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर सहसा अडत नाही. भूलतज्ज्ञांची भेट ही केवळ सही घेण्याची औपचारिकता समजू नये. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवावी, माशाच्या तेलाच्या, लसणाच्या आणि जिंकोच्या कॅप्सूलसकट.

स्टेंटवाल्यांनी

स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेटना ती परकीच वाटते. म्हणून सुरुवातीचे काही महिने अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी एक गोळी अशी जोडी देतात. त्या काळात जोडी मोडली आणि वरून ऑपरेशनचा ताण आला, तर स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो. हा झटका नेहमीच्या झटक्यापेक्षा जास्त घातक असतो. त्यामुळे थांबता येण्यासारखं ऑपरेशन, समजा हर्निया किंवा गुडघा, शक्यतो सहा महिने पुढे ढकलतात, आणि स्टेंट हृदयविकाराच्या झटक्यानंतर बसवलेला असेल तर वर्षभर. कर्करोगासारखं थांबू न शकणारं काम असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून मार्ग काढायचा असतो. रुग्णाने दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बहुतेकदा दुसरी गोळी थोडे दिवस थांबते आणि अ‍ॅस्पिरिन चालू राहतं.

स्टेंट नसलेल्यांच्या अ‍ॅस्पिरिनबद्दल 2014 च्या ‘पॉइज-2’ चाचणीने मत बदललं. हृदयाखेरीज इतर ऑपरेशनं झालेल्या दहा हजारांवर लोकांत अ‍ॅस्पिरिनमुळे झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र 3.8 वरून 4.6 टक्क्यांवर गेला. त्यातच आधी अँजिओप्लास्टी झालेल्यांचा जो छोटा गट होता, त्यांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला. शेजाऱ्याने बंद केलं म्हणून आपणही करायचं नाही, ते यासाठी.

वेळच नसेल तर

खुबा मोडला, आतडं फुटलं, तर पाच दिवस कोण थांबणार? वॉरफरीनचा परिणाम व्हिटॅमिन केने उलटवता येतो, पण त्याला काही तास लागतात. त्याहून घाई असेल तर गोठण्याची प्रथिनं एकवटलेलं औषध शिरेतून देतात, ते काही मिनिटांत काम करतं. डाबिगाट्रानसाठी इडारुसिझुमॅब हा नेमका उतारा 2015 पासून आहे. अशा वेळी डॉक्टरांना हवी असलेली माहिती दोनच ओळींची असते: कोणतं औषध, आणि शेवटचं किती वाजता घेतलं. बेशुद्ध माणूस ती सांगू शकत नाही. पाकिटात चिठ्ठी असावी आणि घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं.

पुन्हा सुरू करणं

थांबवण्याबद्दल सगळे विचारतात, सुरू करण्याबद्दल फार थोडे. माझ्या मते धोका जास्त आहे तो इथेच. रुग्णालयात भरती होताना गोळी ‘बंद’ असते, म्हणून औषधांच्या चालू यादीत ती येतच नाही. घरी सोडताना कार्ड त्याच यादीवरून लिहिलं जातं. रुग्ण प्रामाणिकपणे कार्डावरच्या सगळ्या गोळ्या घेतो, आणि पक्षाघात टाळणारी गोळी कुणी जाणूनबुजून न काढताही निघून गेलेली असते. यावर उपाय साधा आहे. गोळी थांबवण्याची तारीख ज्या कागदावर लिहिली, त्याच कागदावर, त्याच वेळी, सुरू करण्याची तारीख लिहून मागायची. रक्तस्राव बघून ती बदलेल, हरकत नाही. तारीख बदलायची तर आधी ती लिहिलेली असायला हवी.

ही तारीख प्रत्येक औषधाची वेगळी. वॉरफरीन बहुधा ऑपरेशनच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. इतक्या लवकर बघून लोक घाबरतात, पण त्याचा पूर्ण परिणाम यायला पाचेक दिवस लागतात, तोवर जखम धरलेली असते. नव्या औषधांचं याच्या उलट. ती दोन-तीन तासांत पूर्ण ताकदीने काम करतात, म्हणून छोट्या कामानंतर साधारण 24 तास आणि मोठ्या ऑपरेशननंतर 48 ते 72 तास थांबतात. मधल्या दिवसांत पायात गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनची लहान मात्रा दिली जाऊ शकते. ती वर सांगितलेल्या पूर्ण मात्रेच्या इंजेक्शनांपेक्षा वेगळी. गोळी पुन्हा चालू झाली की ही इंजेक्शनं थांबणार ना, हे विचारून घ्यावं, नाहीतर घरी दोन्ही एकदम चालू राहतात.

सुरू झाल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस वॉरफरीन लहरीपणा करतं. खाणं कमी झालेलं असतं, म्हणजे व्हिटॅमिन के कमी. वर मेट्रोनिडॅझॉल किंवा को-ट्रायमॉक्सझॉलसारखं अँटिबायोटिक चालू असलं तर आयएनआर झपाट्याने चढतो. आठवड्याच्या आत एक तपासणी हवी. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घरातल्या डब्यातून काढून घेऊ नये. या औषधांसोबत ती रक्तस्राव वाढवतात, पोटातलाही. पॅरासिटॅमॉल जास्त सुरक्षित, पण वॉरफरीनवर असताना रोज पूर्ण मात्रेत बरेच दिवस घेतलं तर तेही आयएनआर वाढवतं.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट गोळी घेऊन भरपाई करायची नाही. ड्रेसिंग पुन्हा पुन्हा रक्ताने भिजणं, जखमेभोवती वाढत जाणारी घट्ट सूज, डांबरासारखी काळी शी, पाठीतल्या भुलेनंतर पायांत नव्याने आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा, ही रक्तस्रावाची लक्षणं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात उचलता न येणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, ही गुठळीची. यांतलं काहीही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते दारातच सांगा.